पोपटाची समाधी

मस्तानी म्हटले की पुण्याच्या माणसाला आधी आठवते ते दूध. उंच काचेचा पेला, त्यात आटवलेले थंडगार दूध आणि वर तरंगणारा आइस्क्रीमचा गोळा. परगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला शनिवारवाडा दाखवतो, तिथला मस्तानी दरवाजा दाखवतो आणि मग उन्हातून फिरून त्याचा घसा कोरडा पडला की मस्तानी पाजतो. यात काही अनादर आहे असे मला कधी वाटले नाही. उलट पुणे तिच्याशी गोड वागले असेल तर ते याच एका बाबतीत, असे मी वर्गात विनोदाने सांगत आले आहे. मुले हसतात. मराठीच्या तासाला मुले हसली की प्राध्यापकाला बरे वाटते, हे काही मी वेगळे सांगायला नको.

तर दोन वर्षांपूर्वी एक प्रकाशक घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, “बाई, तुमची भाषा गोड आहे. तुम्ही मस्तानीचं चरित्र लिहा. इतिहास थोडा, माणूस जास्त.” ‘माणूस जास्त’ याचा अर्थ मला त्या वेळी नीट कळला नाही. पहिली तीन प्रकरणे त्यांना दाखवल्यावर कळला. त्यांना दिवाणखान्यात रस नव्हता. आतल्या खोलीत होता. पण तोवर मी उचल घेतली होती, आणि ती आमच्या गच्चीच्या गळतीवर खर्चही झाली होती. गच्ची गळायची थांबली आणि लेखणी गळू लागली. सहा महिन्यांत एकशे चाळीस पाने झाली.

ती पाने मी मामांना वाचायला दिली. मामा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचा सगळा जन्म मोडी कागद वाचण्यात गेला. दप्तरातले रुमाल सोडायचे, कागद उलगडायचा, भिंग धरायचे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत अडीच ओळी लावायच्या, असा त्यांचा खाक्या. बाड त्यांनी आठ दिवसांनी परत केले. बरे नाही, वाईट नाही, काही बोलले नाहीत. घरी येऊन उघडून पाहिले तर समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला: ‘कशावरून?’ मी मोजले. सतरा ठिकाणी होता. शेवटच्या प्रकरणात, जिथे मस्तानी अंगठीतला हिरा गिळून प्राण सोडते, तिथे दोनदा होता.

मी रागावून फोन केला. म्हटले, “मामा, चरित्र म्हटलं की थोडा रंग भरावाच लागतो.”

“भर की. माझी कुठे ना आहे? पण कोणाच्या भिंतीवर भरतेस ते बघ. घरात माणूस नाही म्हणून शेजारणीनं आत शिरून भिंती रंगवाव्यात, तसं चाललंय तुझं.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “तू पाबळला गेली आहेस का गं कधी?”

मी गेले नव्हते. पुण्यापासून साठेक किलोमीटरवर तिची कबर, आणि तिच्यावर एकशे चाळीस पाने लिहून मोकळी झालेली मी तिच्या दाराशी एकदाही उभी राहिले नव्हते!

कार्तिकातल्या एका रविवारी आम्ही तिघे निघालो. गाडी मामेभावाची. तो वकिली करतो आणि गाडी चालवताना बोलतो. दोन्ही गोष्टी जपून करत नाही. नगर रस्त्याने वाघोली मागे टाकली, लोणीकंद आले, तेव्हा मामा म्हणाले, “आधी तुळापूर. मग तुझी मस्तानी.” तुळापूर कशाला, असे मी विचारले नाही. त्यांच्या मनात काही असल्याशिवाय ते वाट वाकडी करत नाहीत.

तुळापूरला भीमा, भामा आणि इंद्रायणी यांचा संगम आहे. काठावर संगमेश्वराचे जुने देऊळ. पाणी त्या दिवशी संथ होते आणि पलीकडच्या काठावर उसाचे हिरवे पट्टे दिसत होते. गावाच्या नावाचीही एक गोष्ट सांगतात. आदिलशाहीतल्या मुरार जगदेवांनी इथे हत्तीची तुला करायचे ठरवले. हत्तीला तोलणारी तराजू कुठून आणणार? तेव्हा हत्ती नावेत चढवला, नाव किती बुडाली तिथे खूण केली, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत ऐवज भरला. गोष्ट गोड आहे आणि तिच्याने कोणाचे वाईट होत नाही. मामांनी तिच्यावर ‘कशावरून?’ विचारले नाही हे मी त्यांना तिथल्या तिथे दाखवून दिले. ते म्हणाले, “हत्तीची अब्रू जात नाही त्यात.”

पण तुळापूर आज हत्तीसाठी ओळखले जात नाही. फेब्रुवारी १६८९ मध्ये कोकणात संगमेश्वरी संभाजीमहाराज पकडले गेले, आणि ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने त्यांचा वध करवला तो या परिसरात. समाधी इथून जवळच वढू बुद्रुकला आहे. आम्ही दोन्हीकडे गेलो. दोन्हीकडे माणसे होती. लेकरांना खांद्यावर घेऊन आलेले बाप होते, सहलीची मुले होती. ज्या राजाविषयी माझ्या आजोबांच्या पिढीने शाळेत एकच गोष्ट ऐकली, की बाप केवढा आणि मुलगा कसला निघाला, त्या राजापुढे आज माणसे अनवाणी उभी राहतात.

ती गोष्ट आली कुठून? मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा तिच्यात मोठा वाटा आहे. बखर लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी. लिहिणारे बाळाजी आवजींचे वंशज, आणि बाळाजी आवजींना संभाजीमहाराजांनी १६८१ मध्ये देहान्त शासन दिले होते. बखरीतून ती कथा ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात उतरली, इंग्रजीत गेली म्हणून अधिक खरी झाली, आणि तिथून नाटकांत आली, कादंबऱ्यांत आली. नऊ वर्षे मोगलांशी, सिद्दीशी आणि पोर्तुगिजांशी झुंजणारा, ‘बुधभूषणम्’सारखा संस्कृत ग्रंथ लिहिणारा राजा त्या कथेत मावत नव्हता, मग तो बाहेर राहिला. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे घालवून अस्सल कागदांवरून चरित्र लिहिले ते १९६० साली. मग १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचे आले. बखर लिहायला किती दिवस लागले असतील ते असोत. ती पुसायला दीडशे वर्षे लागली.

“आणि गंमत बघ,” मामा पायरीवर टेकत म्हणाले. “ज्यांना देहान्त झाला, त्यांचा सख्खा मुलगा खंडो बल्लाळ. त्यानं काय केलं? बापाला मारणाऱ्या राजाची इमानानं चाकरी केली, पुढे राजारामाची केली. ज्याला खरा राग यावा, तो गप्प राहून राबला. आणि चार पिढ्यांनंतरच्यानं बखर लिहिली.”

परतताना मामेभावाने गडकऱ्यांचा विषय काढला. ‘राजसंन्यास’ हे गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले नाटक. त्यातला संभाजी बखरीतला. गडकरी गेले १९१९ साली. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी बागेतला त्यांचा पुतळा रात्रीतून उखडून मुठेत टाकला गेला. नाटक लिहिताना गडकऱ्यांपुढे बेंद्रे नव्हते, आणि पुतळा पाडणाऱ्यांपुढे होते. पण त्यांनी बेंद्रे वाचण्याऐवजी पहार उचलली. मला त्या दिवशी वर्गात काय शिकवावे ते सुचले नव्हते. मेलेल्या राजाच्या अब्रूसाठी मेलेल्या कवीला पाण्यात ढकलायचे! बरे, पाण्यात पुतळा गेला. नाटक कपाटात आहे तिथेच आहे.

“कायदा काय म्हणतो?” मी विचारले. वकिलाला असे विचारू नये हे मला माहीत आहे, पण रस्ता लांब होता.

“ताई, मेलेल्या माणसाची बदनामी हा गुन्हा होऊ शकतो,” तो म्हणाला. “पूर्वी दंड संहितेचं ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३५६. पण त्यात मेख आहे. तो माणूस जिवंत असता तर त्याच्या लौकिकाला बाध आला असता, हे तर हवंच. शिवाय घरच्यांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवायचा हेतू हवा. म्हणजे कायदा जपतो ते मागे राहिलेल्यांचं मन. जो गेला तो गेला.”

“आणि मस्तानी?”

“पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली. जवळचं कोण आणणार तू? तुझ्या पुस्तकाला काही भीती नाही, बिनधास्त छाप!”

त्याने हे मला धीर द्यायला सांगितले. धीर आला नाही.

कोरेगाव भीमा ओलांडून शिक्रापूरला डावीकडे वळले की पाबळचा रस्ता लागतो. इथून अठरा-वीस किलोमीटर. दुतर्फा कांद्याची रोपे, ज्वारी, मधूनच एखादा उघडा माळ. पूर्वी हा भाग कोरडा म्हणून ओळखला जाई. गाडी हळू झाली तशी मी मनाशी वर्गातली माझी आवडती गोष्ट घोळवू लागले, आणि ती मोठ्याने बोलूनही दाखवली: मस्तानी इतकी गोरी आणि नितळ होती की विडा खाल्ला तर तांबडा रस गळ्यातून उतरताना बाहेरून दिसे.

“पद्मावत वाचलंस ना गं तू एम.ए.ला?” मामांनी मागे न वळताच विचारले.

आणि मला एकदम आठवले. वाचले होते, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. जायसीने १५४० च्या सुमारास ‘पद्मावत’ लिहिले, आणि त्यात पद्मावतीच्या गळ्याचे वर्णन करताना हीच कल्पना आहे: पिकेची रेघ बाहेरून दिसते. मस्तानी पुण्यात यायच्या दोनशे वर्षे आधी! घरी आल्यावर मी आणखी शोधले. ऑस्ट्रियात तिरोलच्या आर्चड्यूक फर्डिनांडची बायको फिलिपिने वेल्झर, १५८० साली वारली. तिच्याविषयी सांगतात की तांबडी वाइन प्यायली की ती गळ्यातून उतरताना दिसे. स्कॉटलंडच्या मेरी राणीविषयीही तेच सांगतात. पेय तेवढे बदलले. म्हणजे ही मस्तानीची आठवण नव्हेच. सुंदर बाईसाठी शिवून ठेवलेला तो एक तयार झगा आहे. जी मरेल तिच्या अंगावर चढवायचा. आणि इतकी वर्षे मी तो झगा मुलांना ‘इतिहास’ म्हणून दाखवत होते.

मामा म्हणाले, “संभाजीराजांचं तेच. मोठ्या बापाचा वाया गेलेला मुलगा, दारू आणि बाई. हाही तयार झगाच. रोमन बादशहा मेल्यावर सुएटोनियसनं त्यांना घातला, आपल्याकडे बखरींनी घातला.”

मी जरा चिडूनच म्हणाले, “मग राजाराण्यांच्या खासगी गोष्टी लिहूच नयेत का?”

“असं कुठे म्हटलं मी? राजाचं खासगी हे खासगी नसतंच. १७४० च्या सुरुवातीला मस्तानीवर पुण्यात चौकी बसली, ती काही बायकांची कुजबुज नव्हे. वाड्यात मुंज-लग्न निघालेलं, बाजीराव नासिरजंगावर मोहिमेत, आणि घर दुभंगलेलं. चिमाजीअप्पा त्यात, नानासाहेब त्यात. नानासाहेब तेव्हा एकोणीस वर्षांचा पोरगा. साताऱ्याहून पत्र येतं की महाराजांची मर्जी अशी आहे, या प्रकरणी बाजीरावांचं मन मोडू नये. छत्रपतींना ज्यात लक्ष घालावं लागलं ते लिहायचं नाही तर काय लिहायचं? लिही. पण कागद जिथे थांबतो तिथे तूही थांब. पुढे जायचं असेल तर ‘आता मी कल्पना करते’ असं सांगून जा. इनामदारांनी १९७२ मध्ये ‘राऊ’ लिहिली, ती कादंबरी म्हणून लिहिली. वाचणारा जाणून वाचतो. तुझ्या बाडावर काय लिहिलंयस?”

माझ्या बाडावर मोठ्या अक्षरांत ‘चरित्र’ असे लिहिले होते.

पाबळ हे आता चांगले मोठे गाव आहे. बाजारपेठ आहे, जैन मंदिर आहे, १९८३ साली डॉ. कलबागांनी सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. बाजीरावांनी हे गाव मस्तानीला दिले होते. एका दुकानदाराला मी विचारले, मस्तानीची कबर कुठे आहे? तो म्हणाला, “कबर म्हणा, समाधी म्हणा, त्या अंगाला.” पुढे भेटलेल्या दोघांपैकी एकाने मजार म्हटले, एकाने समाधी. ती हयात असताना ती कोण, हिंदू की मुसलमान, यावरून घर फुटले. तिच्या मुलाला पेशव्यांच्या घरात वाढूनही मुंज मिळाली नाही आणि तो समशेरबहाद्दर म्हणून वाढला. इथे गावाने मात्र तिला दोन्ही शब्द दिले आहेत आणि कोणाचे काही अडत नाही.

भिंतीने वेढलेले चौकोनी आवार. आत नमाजाची लहानशी जागा, आणि मोकळ्या जागेत साधी दगडी कबर. एवढेच. कुणीतरी वाहिलेली झेंडूची फुले सुकून तांबूस झाली होती. मी काय अपेक्षा ठेवून आले होते कोण जाणे. संगमरवर, जाळ्या, निदान एखादी कमानदार छत्री. माझ्या एकशे चाळीस पानांत इतका मखमलीचा आणि अत्तराचा सुकाळ होता, की या उघड्या दगडापुढे उभे राहून मला लाज वाटली. वारा होता. भिंतीपलीकडे कुणाची तरी मोटार विहिरीवर चालू होती.

तेवढ्यात एक मुलगा आला. अकरावी-बारावीतला असेल. स्वच्छ शर्ट, हातात फोन. “माहिती सांगू का, मॅडम? पैसे नाही घेत,” म्हणाला. सांगू लागला. छत्रसाल, बंगशाचा वेढा, बाजीरावांची धाव, सगळे नीट सांगितले. विड्याची पिंकही आली. मी मामांकडे पाहिले. ते आभाळाकडे पाहत होते. मग आवाज थोडा खाली आणून मुलगा म्हणाला:

“आणि मॅडम, मस्तानीबाईंचा एक पोपट होता. बुंदेलखंडातून आणलेला. पेशवे गेल्याची बातमी आली त्या दिवसापासून त्यानं दाण्याकडे पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी तो गेला, मग बाईसाहेब गेल्या.”

माझ्या पोटात खड्डा पडला. पोपट माझा होता.

वाचकांपासून आता काय लपवायचे? अकरा वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत मी मस्तानीवर लेख लिहिला होता. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीस वारले, वय एकोणचाळीस. मस्तानीही त्याच वर्षी गेली. कशी गेली, हे समकालीन कागद सांगत नाहीत. विष, हिरा, सहगमन, धक्का, या सगळ्या मागाहूनच्या गोष्टी. लेखाचा शेवट मला कोरडा वाटला. म्हणून मी एक पोपट आणला आणि त्याला दाण्याकडे पाठ फिरवायला लावली. ‘दाण्याकडे पाठ फिरवली’, हे शब्दसुद्धा माझेच. लेख लोकांना फार आवडला होता. चार-पाच पत्रे आली होती, आणि त्यांतल्या तिघांनी पोपटाचा मुद्दाम उल्लेख केला होता.

“बाळ,” मी म्हटले, “तो पोपट नव्हता. तो मी लिहिला होता. माझ्या मनानं.”

मुलाने माझ्याकडे नीट पाहिले. वेडसर बाईकडे पाहावे तसे, पण आदराने. “नाही मॅडम. तो इतिहासात आहे.”

“अरे, मीच सांगते ना. लेख माझा होता.”

“पेपरात आलं होतं. आमच्या सरांनी कात्रण वर्गात लावलंय. नाव दुसरं काहीतरी आहे.” नाव दुसरे होते, कारण तेव्हा माझे आडनाव माहेरचे होते. “आणि या ना इकडे, दाखवतो.” तो आम्हाला आवाराबाहेर घेऊन गेला आणि बाभळीखालच्या एका ओबडधोबड दगडाकडे बोट दाखवून म्हणाला, “ही पोपटाची समाधी.”

त्या दगडावरही एक झेंडूचे फूल होते.

मामेभाऊ इतका हसला की त्याला गाडीला टेकून उभे राहावे लागले. मामाही हसले. मला हसू आले नाही. मी त्या मुलाला पुन्हा एकदा समजावले. त्याने माझा फोन नंबर घेतला आणि म्हणाला, तुमच्याकडे खरी माहिती असेल तर पाठवा, आम्ही इथे फलक करणार आहोत. पोपटाबद्दल मात्र तो हटला नाही. मला वाटते, मी त्याच्या गावातली एक चांगली वस्तू उचलून न्यायला आले आहे असा त्याचा समज झाला असावा.

शिक्रापूर येईपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही. मग मामा म्हणाले, “चिटणिसांना निदान राग होता. चार पिढ्यांचा का होईना, पण राग होता. तुला काय होतं गं?”

“मला चारशे शब्द कमी पडत होते,” मी म्हटले.

घरी आल्यावर मी बाड काढले आणि सतरा ‘कशावरून?’ना उत्तरे देत बसले. जिथे उत्तर नाही तिथे पान फाडायचे, असा साधा नियम. बाजीराव-मस्तानीची पहिली भेट गेली. तिचे नाचगाणे पुष्कळसे गेले. काशीबाईंशी झालेली तिची भेट गेली. या दोघींची भेट कशी झाली, झाली की नाही, काशीबाईंना काय वाटले, याविषयी दोघींचाही एक शब्द आपल्यापाशी नाही. २०१५ च्या चित्रपटात दोघींना एकत्र नाचवले म्हणून पुण्यात केवढे वादळ उठले! मीही तेव्हा तावातावाने बोलले होते. माझ्या बाडात त्या नाचत नव्हत्या, पण एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. फरक तो केवढा?

हिऱ्याची अंगठी सर्वांत शेवटी गेली. ती काढताना मात्र हात अडला. कारण मामांच्या नियमाने चालायचे तर मस्तानीपाशी उरते काय? पुरुषांच्या मोहिमा आहेत, तह आहेत, दोन-दोन दिवसांच्या अंतराने लिहिलेली पत्रे आहेत. तिच्याविषयी आहे ते दुसऱ्यांनी दुसऱ्यांना लिहिलेले. तिला कुठे ठेवावे, कोणी पहारा करावा, कोणाची मर्जी काय. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून पंचेचाळीस खंड काढले; त्या डोंगरात तिच्या स्वतःच्या आवाजाची एक ओळ मला सापडली नाही. कुजबुज काढून टाकली तर बाईच नाहीशी होते, आणि कुजबुज ठेवली तर दुसरीच बाई उभी राहते. मी हे मामांना म्हटले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, “मग कुजबूजही लिही. पण कुजबूज म्हणून. कोण म्हणालं, कधी म्हणालं, तिच्या मरणानंतर किती वर्षांनी म्हणालं, ते शेजारी लिही. झगा कोणी शिवला ते कळू दे.” तेव्हापासून मी दोन शाईंनी लिहिते आहे. काळी आणि तांबडी. तांबडीच लवकर संपते.

बाड एकसष्ट पानांचे झाले. प्रकाशकांनी ते चाळले आणि म्हणाले, “बाई, हे चरित्र नाही, टिपण झालं. याची किंमत काय लावू?” उचल परत करायची तर गच्चीची वाळू-सिमेंट परत करता येत नाही. आम्ही हप्ते ठरवले. ते तसे सभ्य गृहस्थ आहेत. दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेतील, आणि त्या पुस्तकात माझा पोपट असेल याची मला जवळजवळ खात्री आहे.

पाबळच्या मुलाला मी फलकाचा मजकूर पाठवला. तो असा होता: मस्तानी, छत्रसाल बुंदेल्यांकडून आलेली; जन्माविषयी निरनिराळी मते आहेत. १७२९ साली बाजीरावांनी छत्रसालांना बंगशाच्या वेढ्यातून सोडवले, त्यानंतर ती त्यांच्या आयुष्यात आली. मुलगा समशेरबहाद्दर, जन्म १७३४. तो पानिपतावर लढला आणि १७६१ मध्ये त्या युद्धानंतर वारला. त्याचे वंशज पुढे बांद्याचे नवाब झाले, आणि १८५७ च्या उठावात त्यांतले अलीबहाद्दर इंग्रजांशी लढले. १७४० मध्ये पुण्यात मस्तानीवर चौकी बसवण्यात आली. त्याच वर्षी बाजीराव आणि त्यांच्यामागून ती वारली. मृत्यूचे कारण कागदांत नाही. तिची कबर येथे आहे.

दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले.

“मॅडम, मिळालं. एवढंच का?”